चुकलं तर कुणाचं दार ठोठावायचं?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्या मास्तरांना मी लहानपणी पाहिलं आहे. सकाळी शाळा आणि दुपारी टपाल, असा त्यांचा दिवस असायचा. शाळेच्या पडवीत एक टेबल, त्यावर तिकिटांची पेटी, शिक्का, शाईचा पॅड. आणि भिंतीला टेकून बसलेल्या बायका. नवरे मुंबईला गिरणीत. महिन्याच्या दहा-बारा तारखेला मनीऑर्डरी यायच्या. मास्तर नाव पुकारायचे, नोटा दोनदा मोजायचे, अंगठा घ्यायचे, आणि मग फॉर्मवर मुंबईहून लिहून आलेला दोन ओळींचा निरोप हलक्या आवाजात, त्या बाईपुरता वाचून दाखवायचे. आईचं बोट धरून मी त्या पडवीत उभी राहिले आहे. एखाद्या महिन्यात पैसे आले नाहीत तर आई काय करायची? टपालखातं कसं चालतं हे तिला ठाऊक नव्हतं. ती टेबलापाशी जाऊन म्हणायची, ‘मास्तर, आमची आली नाय.’ पुढचं मास्तर बघायचे. कुठे कागद पाठवायचा, कुठली पावती दाखवायची, ते सगळं.

आज मी क्रिप्टोकरन्सीबद्दल बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा समितीतल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, ‘अहो, मास्तरांच्या नावाच्या व्याख्यानात हे कशाला?’ प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की बिटकॉइन या विषयाचं मर्म मला कुठल्या पुस्तकाआधी त्या टेबलापाशी कळलं. नवं तंत्र समाज कधी स्वीकारतो? ते त्याला समजतं तेव्हा? सरकार हुकूम काढतं तेव्हा? की आणखी कशाची वाट पाहतो?

पहिला मुद्दा समजण्याचा घेते, कारण तिथेच आपली सर्वांत मोठी गफलत होते. आपण म्हणतो, लोकांना नवं समजत नाही म्हणून ते घाबरतात, समजावून सांगितलं की स्वीकारतील. मी 1984 साली बँकेत लागले. 38 वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसले. तेव्हा चेक दिला की हातात पितळेचं टोकन मिळायचं. नंबर खोदलेलं, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं. चेक आत कुठे गेला, लेजर कुणी उघडलं, सही कुणी ताडून पाहिली, हे गिऱ्हाइकाला दिसत नसे. टोकन मुठीत घट्ट धरून माणसं निवांत बसायची. पुढे आमच्या शाखेत संगणक आला आणि पासबुकावर आकडे छापून येऊ लागले. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ छापील पासबुक घेऊन माझ्याकडे परत आले. म्हणाले, ‘बाई, याच्या बाजूला तुमची सही करा.’ मी म्हटलं, काका, आता सहीची गरज नाही, मशीन लिहितं. ते म्हणाले, ‘मशीनला मी कुठे शोधू? तुम्ही इथे बसता.’

मी सही केली. पुढचं वर्षभर करत राहिले. नियमात ते बसत नव्हतं, पण त्या सहीमुळे गावाने संगणक स्वीकारला असं मला आजही मनापासून वाटतं. त्या काकांना संगणक समजला नव्हता, शेवटपर्यंत समजला नाही. एके दिवशी मात्र ते सही न मागता पासबुक खिशात घालून निघून गेले.

या सभागृहात किती जणांच्या मोबाइलवर यूपीआय आहे? जवळजवळ सगळे हात वर आहेत. आणि तुम्ही दहा रुपयांच्या चहासाठी कोड स्कॅन करता तेव्हा तुमच्या बँकेकडून चहावाल्याच्या बँकेकडे निरोप कसा जातो, मध्ये कोण असतं, दोन बँकांचा आपसातला हिशेब कधी मिटतो, हे किती जण सांगू शकतील? बघा, हात खाली आले. यात लाजण्यासारखं काही नाही. एप्रिल 2016 मध्ये मुंबईत यूपीआयची सुरुवात झाली आणि ऑगस्ट 2023 मध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांची संख्या 1,000 कोटींच्या पुढे गेली. एवढ्या लोकांना काही ते यंत्र समजलेलं नाही. मग त्यांनी ते घेतलं कसं?

आपल्या मासळीबाजारात माझ्या नेहमीच्या कोळीणबाई बसतात. नोटाबंदी झाली, 2016 चा तो नोव्हेंबर, तेव्हा त्यांच्या मुलीने टोपलीशेजारी कोड चिकटवलेला पुठ्ठा ठेवला. बाई तो उलटा करून ठेवायच्या. कारण साधं होतं. हात माशांनी माखलेले, फोन मुलीकडे घरी, समोरचा म्हणतो ‘पाठवले’, आणि खरंच पाठवले का हे कळायला मार्ग नाही. संध्याकाळी घरी जाऊन फोन बघायचा, शंभर-दीडशे कमी निघायचे, आणि ते कुणाचे हे आठवायचं नाही. काही वर्षांनी तो बोलणारा डबा आला. त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून छत्रीच्या दांड्याला बांधला आहे. ‘एकशे वीस रुपये प्राप्त झाले’ असा आवाज आला की बाई मान न वर करता पिशवी पुढे करतात. आवाज आला नाही तर पिशवी तशीच हातात राहते, आणि गिऱ्हाईकच आपला फोन पुन्हा पाहायला लागतं. त्या डब्याने बाईंना काय दिलं? वाचता न येणाऱ्या, हात ओले असणाऱ्या बाईला, व्यवहार चुकला तर त्याच क्षणी, गिऱ्हाईक समोर उभं असताना ‘नाही आले’ म्हणण्याची ताकद दिली.

इथे माझा दुसरा मुद्दा येतो, आणि आजच्या व्याख्यानाचा खरा मुद्दा हाच. समाज नवं तंत्र स्वीकारतो तो चुकलं तर कुणाचं दार ठोठावायचं हे ठरल्यावर. या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडच्या पैशाच्या इतिहासात याचे फार सुंदर दाखले आहेत.

हुंडी घ्या. रोकड बरोबर घेऊन प्रवास करणं जिवावरचं, म्हणून एका गावच्या सराफाकडे पैसे भरायचे आणि दुसऱ्या गावच्या त्याच्या आडत्यावर चिठ्ठी घ्यायची. चिठ्ठी दाखवताच पैसे देण्याची ती दर्शनी हुंडी, ठरल्या मुदतीनंतर देण्याची ती मुदती. इथवर पुष्कळांना माहीत असतं. पण हुंडी वाटेत हरवली तर? त्याचीही सोय होती. हरवलेल्या हुंडीबद्दल सराफ दुसरी चिठ्ठी लिहून द्यायचा, तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर तिसरी, तिचं नाव परपेठ. जरा विचार करा. कागद हरवणार, माणूस चुकणार, वाटेत नदीला पूर येणार, हे त्या व्यवस्थेने आधीच धरून ठेवलं होतं, आणि प्रत्येक हरवण्याला नाव देऊन ठेवलं होतं. ज्या व्यवहारात हरवण्याला शब्द आहे तो व्यवहार पिकलेला असतो, असं मी बँकेत नव्याने आलेल्या मुलांना सांगत असे.

आता कागदी नोट. 1861 च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. कलकत्ता, मुंबई, मद्रास अशी मंडळं केली. मुंबई मंडळाची नोट हक्काने वटवायची तर मुंबई मंडळातच. चांदीचा रुपया दगडावर आपटून त्याचा नाद ऐकणाऱ्या माणसाला हा कागद काय वाटला असेल? नोट टपालाने पाठवायची तर लोक ती मधोमध कापत. एक अर्धा आधी पाठवायचा, पोचल्याचं पत्र आलं की दुसरा. दोन्ही अर्धे जुळले की नोट पुरी. तंत्र सरकारचं होतं, पण त्यातली धास्ती कशी सांभाळायची याची युक्ती लोकांनी काढली.

आणि खरी परीक्षा आली पहिल्या महायुद्धात. चांदी महाग झाली, अपुरी पडू लागली. 1917 च्या अखेरीस सरकारने एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ 1918 मध्ये अडीच रुपयांची. लोकांच्या मनात पाल चुकचुकली. युद्धाच्या वाईट बातम्या येऊ लागल्या तशी नोटा देऊन चांदीचे रुपये मागणाऱ्यांची गर्दी सरकारी कचेऱ्यांवर लोटली. आडगावात दुकानदार नोटेला दर्शनी किमतीपेक्षा कमी धरू लागले. सरकारने काय करावं? खिडकी बंद करून ‘आता नोटच पैसा, मुकाट्याने घ्या’ असं म्हणता आलं असतं. तसं झालं नाही. अमेरिकेने 1918 मध्ये मुद्दाम कायदा केला, आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यातली सुमारे 20 कोटी औंस चांदी हिंदुस्थानासाठी दिली. खिडकी उघडी राहिली. परक्या इंग्रज सरकारने हे आपल्या सोयीसाठी, युद्ध चालू ठेवण्यासाठी केलं, हे मी विसरत नाही. पण परिणाम काय झाला पाहा. नोट नेली तर रुपया मिळतो हे कळलं, तेव्हा लोकांनी नोट न्यायचं सोडून दिलं.

तुमच्या खिशात शंभराची नोट असेल तर काढा. गव्हर्नरांच्या सहीच्या वरती वचन छापलेलं आहे. मागच्या बाजूला भाषांच्या पट्टीत आपली मराठीही आहे. ते वचन घेऊन आज कुणी रिझर्व्ह बँकेच्या दारात जात नाही. पण नोट फाटली तर? आमच्या काउंटरवर रोज एखादी तरी येई. पन्नास किंवा त्याहून मोठ्या नोटेचा 80 टक्क्यांहून जास्त भाग शाबूत असेल तर पूर्ण रक्कम, 40 ते 80 टक्के असेल तर अर्धी. लोक उंदराने कुरतडलेल्या नोटा रुमालात बांधून आणायचे, तुकडे जुळवत तासभर बसायचे, आणि बहुतेकांना काही ना काही मिळायचं. हुंडीची पेठ आणि फाटक्या नोटेचा नियम, दोघांचं नातं तुमच्या लक्षात आलं असेल.

आता बिटकॉइन. 31 ऑक्टोबर 2008 रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक निबंध प्रसिद्ध झाला. हा माणूस एक की अनेक, हे आजवर उलगडलेलं नाही. 3 जानेवारी 2009 ला त्या योजनेचं पहिलं पान लिहिलं गेलं. कल्पना अशी: दुकानदाराची रोजकीर्द असते ना, तिची हुबेहूब प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवायची. या सामाईक रोजकीर्दीचं नाव ब्लॉकचेन. कुणी मागची नोंद खोडली तर बाकीच्या प्रती त्याला खोटं पाडतात. नवं पान जोडायला प्रचंड आकडेमोड करावी लागते, जोडणाऱ्याला मोबदल्यात नवी नाणी मिळतात, आणि एकूण नाणी 2 कोटी 10 लाखांच्या पुढे कधीच जाणार नाहीत. संगणकावरचा आकडा कितीही वेळा नकलता येतो, मग एकच पैसा दोघांना देण्यापासून माणसाला थांबवायचं कसं? पूर्वी याचं उत्तर एकच होतं: मध्ये बँक बसवा. या निबंधाने मधला माणूस काढून उत्तर दिलं. मी आयुष्यभर तो मधला माणूस म्हणून पगार घेतला आहे, तरी सांगते, ही बुद्धीची फार मोठी झेप आहे. आणि काळही पाहा. अमेरिकेतल्या बँका कोसळत होत्या, सरकारं जनतेच्या पैशाने त्यांना वाचवत होती. मधल्या माणसावरचा तो राग खोटा नव्हता.

पण मधला माणूस काढला तेव्हा त्याच्याबरोबर दारही निघालं. बिटकॉइनची मालकी म्हणजे एक गुप्त किल्ली, आकड्यांची आणि अक्षरांची. ती हरवली की संपलं. वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरातल्या एका गृहस्थाची 2013 साली हजारो बिटकॉइनची किल्ली असलेली हार्डडिस्क चुकून कचऱ्यात गेली. कचरा डेपो उकरू द्या म्हणून तो वर्षानुवर्षं पालिकेशी झगडला, कोर्टात गेला. 2025 च्या जानेवारीत कोर्टाने दावा फेटाळला. रोजकीर्दीत त्याचं धन आजही जसंच्या तसं आहे, साऱ्या जगाला दिसतं. इथे पेठ नाही, परपेठ नाही. चुकीच्या पत्त्यावर पाठवलं तर ‘आमची आली नाय’ म्हणून जाऊन उभं राहायला टेबल नाही.

मग समाजाने काय केलं? दारं नव्हती, तर ती बाहेरून बसवायला घेतली. लोकांनी किल्ल्या स्वतःजवळ न ठेवता, नाण्यांची खरेदी-विक्री जिथे चालते त्या एक्स्चेंजकडे ठेवल्या. अमेरिकेत जानेवारी 2024 मध्ये थेट बिटकॉइन बाळगणाऱ्या फंडांना शेअरबाजारात परवानगी मिळाली, म्हणजे ब्रोकर आला, नियामक आला, विवरणपत्र आलं. ज्याला काढून टाकायचं म्हणून हे तंत्र जन्मलं तोच मधला माणूस मागच्या दाराने आत येऊन बसला. काही तरुण मित्र मला म्हणतात, ही मूळ कल्पनेशी गद्दारी आहे. मला तसं वाटत नाही. समाजाने नोटही कापून, जुळवून, वटवून पाहूनच आपलीशी केली होती. जे तंत्र असं वाकायला तयार नसतं ते थोड्या हुशार लोकांच्या हातात राहतं.

हुकूम काढून हे काम होत नाही, हेही जाता जाता सांगते. मुहम्मद तुघलक आपल्या दौलताबादेत राजधानी आणणारा सुलतान. त्याने तांब्यापितळेची नाणी चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालवायचा हुकूम काढला. खोट्या नाण्यांचा पूर आला, योजना फसली. त्या काळचे इतिहासकार सांगतात, त्याने ती नाणी परत घेऊन खजिन्यातून सोनंचांदी मोजली. त्याच्या लहरीपणाच्या गोष्टी आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, पण फसल्यावर त्याने खिडकी उघडली ही गोष्ट सांगत नाही. आपल्या काळात एल साल्वादोर या छोट्या देशाने सप्टेंबर 2021 मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलन केलं. सरकारी ॲप उघडणाऱ्याला 30 डॉलरचं बिटकॉइन भेट मिळालं. लोकांनी भेट घेतली, खर्च केली, आणि बहुतेक जण डॉलरकडे परतले. जानेवारी 2025 मध्ये बिटकॉइन घेण्याची दुकानदारांवरची सक्ती कायद्यातून काढावी लागली.

तिसऱ्या मुद्द्याकडे वळते, आणि इथे माझ्याकडून थोडं तिखट बोललं जाईल, त्याला इलाज नाही. नवं तंत्र येतं आणि त्याला दारं बसतात, या दोहोंच्या मधला जो काळ असतो, त्या काळाची किंमत कोण मोजतं?

1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. शहरात पैसा मावेना. रोज नव्या कंपन्या, नव्या बँका. बॅकबेची खाडी बुजवून जमीन काढणाऱ्या कंपनीचे शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकले जाऊ लागले. शेअर ही चीज मुंबईला नवी होती. वकील, कारकून, व्यापारी, सगळे त्यात पडले. बँक ऑफ बॉम्बेने त्याच शेअरांवर कर्जं वाटली. 1865 च्या वसंतात युद्ध संपलं, कापूस कोसळला, कागद कागद राहिला. 1868 मध्ये बँक ऑफ बॉम्बेचंही दिवाळं वाजलं. शेअर मात्र मेले नाहीत. 1875 मध्ये दलालांनी मुंबईत आपली संघटना बांधली, तीच आजच्या मुंबई शेअरबाजाराचं मूळ. पण बुडालेल्या कारकुनासाठी दार कधी उघडलं? गुंतवणूकदाराचं हित जपणं हेच जिचं काम, अशी कायद्याचे अधिकार असलेली संस्था, सेबी, आपल्याला 1992 साली मिळाली. 1865 ते 1992. मोजा. 127 वर्षं.

क्रिप्टोच्या बाबतीत आपण त्याच मधल्या काळात उभे आहोत. एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, या व्यवहारांना सेवा देऊ नका. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. त्याच वर्षीच्या जुलैपासून व्यवहारावर 1 टक्का टीडीएस. मार्च 2023 मध्ये एक्स्चेंजना काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याच्या कक्षेत आणलं. प्रत्येक पाऊल सरकारच्या बाजूने समजण्यासारखं आहे. करवसुलीचं दार आलं, संशयिताला पकडायचं दार आलं. सामान्य गुंतवणूकदाराने फसल्यावर जायचं दार कुठे आहे? जुलै 2024 मध्ये भारतातल्या एका मोठ्या एक्स्चेंजवर सायबर दरोडा पडला, सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी गेली, आणि इथल्या गिऱ्हाइकांना सिंगापूरच्या न्यायालयातल्या कामकाजाकडे डोळे लावून बसावं लागलं. नाशिकच्या, साताऱ्याच्या मुलाने सिंगापूरचं कोणतं दार ठोठावायचं?

आणि ज्यांना क्रिप्टो म्हणजे काय हेही नीट ठाऊक नाही त्यांचं काय? 2018 मध्ये पुण्यात एक मोठं प्रकरण उघडकीला आलं, बिटकॉइन गुंतवा, दरमहा 10 टक्के घ्या. हजारो माणसं त्यात होती. त्यात तंत्राचा दोष नव्हता, ती जुनीच साखळी योजना नव्या नावाने आली होती. पण नवं नाव तिला उपयोगी पडलं, कारण प्रश्न विचारणाऱ्याला ‘तुम्हाला ब्लॉकचेन कळत नाही’ असं म्हणून गप्प करता येत होतं.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या घरी एक निवृत्त शिक्षक आले. आपल्याच तालुक्यातले. पेढ्यांचा पुडा आणला होता. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. एका ॲपमध्ये त्यांच्या नावापुढे 41 लाख रुपये दिसत होते. हिरवा आकडा, खाली चढत जाणारी रेघ. ग्रॅच्युइटीतले 6 लाख त्यांनी टप्प्याटप्प्याने भरले होते. एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं होतं, आणि त्या पोराचेही पैसे त्यात गेले आहेत, हे मुद्दाम सांगते. पैसे काढायला गेले तर ॲप म्हणे, आधी 3 लाख कर भरा. ते मला विचारायला आले होते की हे 3 लाख कुठून उभे करावेत. फसलो आहोत, हे अजून त्यांच्या मनाला शिवलेलं नव्हतं. मी हळूहळू सांगितलं. बराच वेळ ते बोलले नाहीत. फोन त्यांच्या हातातच होता आणि ते बोटाने तो पडदा पुन्हा पुन्हा खाली ओढत होते, आकडा ताजा करण्यासाठी. मग म्हणाले, ‘घरी सांगितलेलं नाही.’

आम्ही दोघं मिळून 1930 या सायबर मदतक्रमांकावर फोन केला, सायबर पोलिसांकडे गेलो, अर्ज दिला. फार उशीर झाला होता. असे पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत कळवलं तर बँका ते वाटेत अडवू शकतात. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. चार महिने ते आकडा बघत होते. विचारायला माणूस असता तर पहिल्या पन्नास हजारांवरच थांबले असते. जो गृहस्थ 33 वर्षं मुलांना चुका दाखवत आला, त्याला आपली चूक दाखवायला एक टेबल मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

क्रिप्टो टिकेल की जाईल, हे भविष्य मी वर्तवणार नाही. रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2022 पासून डिजिटल रुपयाचा किरकोळ वापराचा प्रयोग सुरू केला, मुंबई त्यातल्या पहिल्या चार शहरांत होती. हे तंत्र कुठल्या ना कुठल्या रूपात आपल्या घरी येणार, त्याचं नाव बदलेल एवढंच. आणि ते आलं की मधल्या काळात माणसं पुन्हा फसणार, म्हातारी, एकटी, भिडस्त माणसं आधी. सरकारने गुंतवणूकदारासाठी तक्रारीची जागा करावी, कर लावला त्याच कायद्याच्या बळाने करावी, ही माझी मागणी आहे, आणि आज या व्यासपीठावरून मी ती करते. पण 127 वर्षं थांबायला माझ्याकडे वेळ नाही.

मास्तरांचं ते टेबल या वाचनालयाच्या खालच्या दालनात आहे. सध्या त्यावर वर्तमानपत्रं ठेवतात. डाव्या कोपऱ्यावर शाईचा डाग अजून दिसतो. मी अध्यक्षांची परवानगी घेतली आहे. येत्या शनिवारपासून दर शनिवारी दुपारी 4 ते 6 मी त्या टेबलापाशी बसणार आहे. बँकेतल्या माझ्या दोन जुन्या सहकाऱ्यांनीही यायचं कबूल केलं आहे. पासबुक आणा, फोन आणा, आलेले मेसेज पुसू नका, तसेच आणा. पैसे भरण्याआधी आलात तर उत्तम, भरल्यानंतर आलात तरी या. घरी सांगितलं नसेल तरी या. पडवीकडचं दार उघडं ठेवायला सांगितलं आहे.